दक्सिलचं पगारी हसू

प्योनबाई ही गोष्ट नेहमी सांगतात आणि दर वेळी थोडी वाढवून सांगतात. त्यामुळे मूळ किती आणि वाढ किती, हे आता खुद्द दक्सिललाही सांगता येत नाही. त्या दिवशी सकाळी प्योनबाई मांगवनच्या बाजारात मासळी घ्यायला गेल्या होत्या. हातात नुकतीच घेतलेली जिवंत वाम. एवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आवाज आला. आधी त्यांना वाटलं गॅसची टाकी फुटली. मग वाटलं सीमेपलीकडच्या उत्तरवाल्यांनी अखेर हल्ला केला. भाजीवालीचे रचून ठेवलेले मुळे गडगडत रस्त्यावर आले. खाटकाचा कुत्रा, जो त्याच्या तरुणपणीही भुंकला नव्हता, तो भुंकला. दोन म्हातारे भोंग्याची वाट न बघता तळघराच्या जिन्याकडे धावले. प्योनबाईंच्या हातातली वाम सुटली, गटारात शिरली, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुपारच्या आत हान नदीला पोचली.

तो आवाज हसण्याचा होता. कोळिणीच्या पाटावरच्या ऑक्टोपसने एका भारदस्त गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा केसांचा टोप आठही पायांनी धरला होता. गिऱ्हाईक टोप सोडायला तयार नव्हतं, ऑक्टोपसही नव्हता, आणि समोर एक गोल चेहऱ्याची बाई गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती.

प्योनबाई रिकामी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "बाई, हे तुम्हाला रोज जमेल का?"

दक्सिल डोळे पुसत म्हणाली, "आम्ही चर्चला जात नाही हो."

"मी चर्चवाली नाही."

"विमासुद्धा नको."

"विमावालीही नाही. मी हसणाऱ्या बायकांची मॉनिटर आहे!"

हे ऐकून दक्सिल पुन्हा हसली. वाचलेले मुळे तेव्हा पडले.

तर असं हे काम. योइदोच्या एका टीव्ही कंपनीत 'आठ माणसं, एक न्हाणीघर' नावाची घरगुती विनोदी मालिका चालायची. भाग आधी चित्रित व्हायचा. मग तुकडे जोडून त्याची कच्ची प्रत तयार झाली की ती एका बंद खोलीत वीसेक बायकांना दाखवायची. डोक्यावर मायक्रोफोन. बायका हसल्या की ते हसू टेपवर घ्यायचं आणि भागाला चिकटवायचं, म्हणजे घरी बसलेल्या देशाला कुठे हसायचं ते कळतं. बायकांसमोर प्योनबाई पंखा घेऊन बसत. पंखा अर्धा उघडला की ओठातलं हसू. पूर्ण उघडला की पोटातलं. मिटून छातीला लावला की "आई गंऽ, च्च च्च". आणि हात मांडीखाली दाबून बसायचं. हसताना तोंडावर हात धरायचा हे प्रत्येकीला तिच्या आईने लहानपणापासून शिकवलेलं. ते शिक्षण प्योनबाईंनी एका दुपारीत मोडून काढलं होतं. "तोंड झाकून हसायचं असेल तर घरी हसा," त्या म्हणत, "घरी कोणी पगार देत नाही."

घरी हसण्यासारखं काही नव्हतंही. दक्सिलचा नवरा क्वाक मानबोक पतलुनींच्या चेनी बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर होता. देशावर पैशाचं संकट आलं त्या हिवाळ्यात कंपनी बंद पडली. बातमी घरी सांगायची कशी हे त्याला सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे सूट-टाय घालून, बॅग घेऊन बाहेर पडला आणि बुखान्सान डोंगरावर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात त्याच्या बुटांना पाइनच्या काड्या चिकटलेल्या दक्सिलने पाहिल्या. काड्या झटकून तिने बूट पुसले आणि सकाळी डबा जरा मोठा भरला, कारण डोंगरावर भूक लागते. तिला कळलंय हे त्यालाही कळलं. मग दोघांनी मिळून ही नोकरी दीड वर्ष चालवली. तो सकाळी निघायचा, ती दारातून "सांभाळून जा हो, उनथेकचे बाबा" म्हणायची, आणि संध्याकाळी "दमलात?" विचारायची. दमलेला तर तो असायचाच. चढ बराच आहे.

फक्त तिचं काम त्याला आवडत नव्हतं.

"परक्यांच्या विनोदावर तोंड उघडून हसायचं! क्वाक घराण्यातल्या बाईने!"

"तोंड उघडून तर क्वाक घराण्यातल्या सगळ्या बायका जेवतात."

"जेवणं वेगळं."

"त्याचीच सोय करते आहे मी," दक्सिल म्हणायची, आणि तो पेपर वर धरायचा.

आणि अशा या मानबोकने दीड वर्षाने, सप्टेंबरात, घरी येऊन बूट न काढताच जाहीर केलं, "अगं, मी टीव्हीत येणार!"

दक्सिलच्या हातातल्या पळीतला रस्सा जमिनीवर.

"शेकडो माणसांतून निवडलं मला. आठ माणसं, एक न्हाणीघर."

हे शेकडोचं प्रकरण असं होतं. मालिकेची मंडळी चित्रीकरणाला डोंगराच्या पायथ्याशी आली होती. बाकावर सूट-टाय घालून डबा खाणारा एक माणूस दाखवायचा होता. त्या कामासाठी ठरवलेला नट यायचा होता, पण त्याआधीच बाकावर सूट-टाय घालून डबा खाणारा माणूस बसलेला होता. दिग्दर्शक मो साहेब धावतच आले. "तुम्ही वेशभूषा घरूनच करून आलात? वा! नाव?" मानबोक सवयीने म्हणाला, "क्वाक. मॅनेजर." "उत्तम, भूमिकेत शिरलेलेच आहात." खरा नट आला तेव्हा काम आटोपलं होतं. शेकडो माणसांपैकी बाकीची म्हणजे दोन खारी.

"संवाद आहे का हो?" दक्सिलने विचारलं.

"एक आहे. पण वजनदार आहे. सगळे गप्प झाले ऐकून."

"काय आहे?"

"ते टीव्हीवरच ऐकायचं."

भाग लागणार होता छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी, आणि खरा घोळ तिथेच होता. छुसोकला अख्खा देश गावी जातो. मागच्या वर्षी मानबोकने थोरल्या भावाला फोनवर सांगितलं होतं, "दादा, कंपनीत फार काम आहे, यायला जमत नाही." पूर्वजांच्या पूजेला धाकटा भाऊ आला नाही हे गावाकडच्या, येसानमधल्या, सगळ्या क्वाकांनी वर्षभर तोंडी लावायला घेतलं. या वर्षी जायचं तर काय तोंडाने? पण आता त्याला तोंड मिळालं होतं, तेही टीव्हीवर. त्याने दादांना फोन केला, तीन आत्यांना केला, सैन्यात असलेल्या उनथेकला बराकीत निरोप ठेवला. उनथेकने तो निरोप पलटणीला दिला, पलटणीने सुभेदाराला. गल्लीतल्या न्हाव्याने मानबोकची दाढी फुकट केली. दीड वर्षात पहिल्यांदा तो जेवताना बोलत होता, आणि बोलता बोलता दुसऱ्यांदा भात मागत होता.

कच्ची प्रत बघायच्या दिवशी दक्सिलने पहाटे उठून परातभर रताळी भाजली आणि स्टुडिओच्या बाहेरच्या जिन्यावर सगळ्या बायकांना वाटली. आज पडद्यावर नवरा येणार आहे म्हणून सांगितलं.

सुल्हीची आई, जिची जीभ पानपट्टीच्या कातरीसारखी, सोलता सोलता म्हणाली, "दिसायला कसे आहेत? म्हणजे आधीपासून तयारी करायला."

"सुटात येणार."

"सुटात तर माझा नवराही माणूस दिसतो."

"ताई, तेवढं जरा मोकळं हसा हो. ते दिसले की लगेच."

"रताळं मऊ आहे," सुल्हीची आई म्हणाली, "त्यामुळे हसू."

प्योनबाईंनी दोन रताळी खाल्ली आणि पंखा कमरेत खोचला. "मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. पण कुणी सुटात दिसलं तर पंखा पूर्ण उघडेल एवढं सांगते."

आत गेल्यावर मो साहेबांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की दक्सिलच्या घशातलं रताळं तिथेच बसलं. "बायांनो, आज नीट ऐका. भाग जरा लांबलाय. कापावा लागणार. जिथे तुमच्याकडून काही येणार नाही तिथे कात्री."

शेजारच्या टेबलावर ध्वनीवाले उम साहेब बसले होते. केस पिकलेले, चेहरा असा की सासऱ्याच्या तेराव्याला बसलेत. ते म्हणाले, "चालू करतो." दिवे गेले.

ज्याने पक्का भागच पाहिलाय त्याला कच्च्या प्रतीची मजा कळायची नाही. सुरुवातीचं गाणं नाही. पडद्याच्या खाली आकडे धावताहेत, जणू कुणीतरी मागे लागलंय. मधेच करडी पाटी येते, 'इथे घर बाहेरून. अजून घेतलेलं नाही.' सून स्वयंपाकघरात रडते आहे आणि वरून मायक्रोफोन मांजराच्या शेपटीसारखा हळूच खाली येतो, तिच्या अंबाड्याला टेकतो आणि लाजून परत जातो. आजोबा उजवीकडे निघतात आणि चित्रातूनच मो साहेबांचा आवाज येतो, "डावीकडे, आजोबा! तुमचं डावं!" आणि आजोबा रागाने कॅमेऱ्याकडे बघून, पुन्हा भूमिकेत शिरून, डावीकडे जातात.

त्यात आवाज भरलेले नव्हते. फोन वाजतच नाही आणि मुलगा दचकून उठतो. ती उणीव उम साहेब स्वतः भरून काढत होते. अंधारातून गंभीर सुरात येई, "ट्रिंग. ट्रिंग." दार उघडलं की "कर्रऽ". मांजर आलं तर "म्यांव", तेही सरकारी कचेरीत हजेरी दिल्यासारखं.

बायकांची हसून पुरेवाट झाली नुसती! गोष्ट साधीच होती. सकाळी आठ माणसं एका न्हाणीघराच्या दारात रांगेत. आजोबा पोट धरून शेवटी. सून आत, तिचं आटपत नाही. नातू म्हणतो परीक्षा आहे, नात म्हणते केस धुवायचेत, जावई म्हणतो मी पाहुणा आहे. आजोबांचा चेहरा बदलतो, रांगेतले सातही जण एकाच वेळी नाक धरतात, आणि त्या शांततेत उम साहेबांनी, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, तोंडाने तो आवाज काढला. लांब. शेवटाला हळूच वर वळवलेला.

पंखा उघडायच्या आतच खोली कोसळली. सुल्हीच्या आईची खुर्ची मागे गेली. प्योनबाई स्वतः पंख्यात तोंड खुपसून बसल्या. दक्सिल हसली, पण आवरून. तिने हसू राखून ठेवलं होतं, सणाला साडी राखावी तसं.

आजोबा रुसून घराबाहेर पडले. डोंगराचा पायथा आला. पाइनची झाडं आली. दक्सिलने मांडीखालचे हात आणखी दाबले.

आधी डबा आला. पिवळा, एका बाजूची कडी तुटलेला, तिच्याच निळ्या रुमालात बांधलेला. मग तो टाय, ज्याला तिने त्या सकाळी इस्त्री केली होती. आणि मग टायच्या वर तो! तिचा मानबोक, हातभर मोठा, केस विंचरलेले, कान नेहमीप्रमाणे बाहेर आलेले, आणि संपूर्ण देशाकडे असं बघणारा की जणू देशाने त्याची परवानगी न घेता घरात पाऊल टाकलंय.

दक्सिल हसली.

ते हसू बाजारातल्यासारखं होतं, किंबहुना त्याच्याहून मोठं, कारण तेव्हा टोप परक्याचा होता आणि आज कान घरचे होते. लग्नात घोड्यावर चढता न आलेला मानबोक, उनथेक झाला तेव्हा दवाखान्यात चुकीच्या बाळाला कडेवर घेणारा मानबोक, बुटाला काड्या घेऊन येणारा मानबोक, सगळे एकदम पडद्यावर आले आणि तिचा बांध फुटला. प्योनबाईंचा पंखा फाट्कन पूर्ण उघडला. वीस बायका रताळ्याला जागल्या. उम साहेबांच्या यंत्रातले काटे एका कडेला जाऊन तिथेच थरथरत राहिले. पडद्यावर आजोबांनी काहीतरी विचारलं, मानबोकने काहीतरी उत्तर दिलं, कुणालाच ऐकू आलं नाही.

"थांबवा," मो साहेब म्हणाले. दिवे लागले.

ते खुर्चीतून वळून बायकांकडे बघत होते. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नुसता गोंधळ. "यात हसण्यासारखं काय आहे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हा माणूस नोकरी गेलेला आहे. घरी सांगता येत नाही म्हणून रोज सूट घालून डोंगरावर येतो. मला वाटलं होतं इथे सगळे गप्प होतील." ते उम साहेबांकडे वळले. "वीसच्या वीस हसल्या, उम साहेब. अशी माणसं आज घरोघरी आहेत. त्यांना बघून देश हसला तर मी कुठे तोंड लपवू? हे काढूनच टाकू. नाहीतरी भाग लांबच आहे."

दक्सिलच्या तोंडातून "अहो साहेब" निघतंय तोच प्योनबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तो महिनाभर दिसला. कानाशी त्या पुटपुटल्या, "रताळ्यावर हसलो हे कळलं तर उद्यापासून वीसही जणी घरी. तोंड मिट."

दक्सिलने तोंड मिटलं. पण तिला दिसत होतं, येसानचं अंगण, दादा, तीन आत्या, टीव्हीसमोर पुढे सरकून बसलेला मानबोक, आणि पडद्यावर नुसती पाइनची झाडं. तिने पुन्हा तोंड उघडलं. "साहेब, आमचंच चुकलं. आधीच्या त्या... त्या आवाजाचं हसू राहिलं होतं पोटात. ते आत्ता बाहेर पडलं. हो ना गं?"

"हो हो," सुल्हीची आई म्हणाली, "मी तर अजून त्या न्हाणीघरातच आहे."

"पुन्हा एकदा लावा ना. यावेळी नीट ऐकतो."

उम साहेब पहिल्यांदाच आपणहून बोलले. "आवाज मी जरा लांबवला होता, हे खरं."

मो साहेबांनी हात झटकले. "लावा."

दिवे गेले. पाइनची झाडं. पिवळा डबा. टाय. मानबोक. वीस बायकांनी श्वास रोखून धरला. दोघींनी तर डोळेच मिटले, न जाणो.

आजोबा बाकावर टेकले. "का हो, आज ऑफिस नाही?"

मानबोकने खाली टायकडे बघितलं, जणू तो कुणी गळ्यात घातला ते आठवत होता. मग म्हणाला, "आज जरा लवकर सुटलो."

आजोबांनी वर सूर्याकडे बघितलं. सकाळची उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती. मानबोकने डब्यातली अंड्याची गुंडाळी काढली, जेवणाच्या काड्यांनी तिचे दोन भाग केले आणि मोठा भाग डब्याच्या झाकणावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. आजोबांनी खाल्ला. "छान झालंय," ते म्हणाले. मानबोकने मान हलवली.

बस, एवढंच.

पंखा प्योनबाईंच्या मांडीवर मिटलेलाच पडला होता. खूण कुणी केली नाही, पण खोलीच्या मागच्या बाजूने "आई गं" आलं, मग इकडून, मग तिकडून, अगदी हळू, कुणी शिकवलेलं नव्हे असं. हात मांडीखाली दाबलेले असल्यामुळे नाक पुसता येईना. वीसही बायका नाकं ओढत बसल्या होत्या. दक्सिलच्या गालावरून ओघळ निघाला तो हनुवटीवर येऊन थांबला. ती अंड्याची गुंडाळी तिची होती. इतके दिवस तिला वाटत होतं की तो ती खारींना घालतो.

दिवे लागले तेव्हा मो साहेब चष्मा पुसत होते. "ठेवतो," ते म्हणाले.

मग काय विचारता! दक्सिल उभी राहिली, खुर्ची पडली, सुल्हीच्या आईने तिला मिठी मारली, प्योनबाईंनी पंख्याने दोघींच्या डोक्यावर टपल्या मारल्या. मो साहेब उम साहेबांना काहीतरी सांगत होते, "गंमत बघा. चेहरा दिसला की हसू येतं आणि शब्द ऐकले की येत नाही." उम साहेब मान हलवत होते. दक्सिल ते ऐकायला थांबली नाही. ती जिना उतरून बसथांब्याकडे धावली, आणि बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला तिने उरलेलं रताळं दिलं.

घरी मानबोक दारातच उभा. "काय झालं?"

"ठेवलं!"

"वाक्य ऐकलं?"

"ऐकलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. दीड वर्षात दोघांपैकी कुणीच जे बोललं नव्हतं ते तो एका बाकावर बसून टीव्हीवाल्यांसमोर बोलला होता, आणि ते आता तिला ठाऊक होतं. "मग?" त्याने विचारलं.

"मग काय, अंडं छान झालं होतं म्हणाले आजोबा," दक्सिल म्हणाली, आणि जेवण वाढायला गेली.

छुसोकच्या आदल्या दिवशी दोघं गर्दीच्या बसने येसानला पोचली तेव्हा दादांच्या घरात पीठ मळून झालं होतं. बायका सोंगप्योन वळत होत्या, अर्ध्या चंद्रासारखी, आत तीळ आणि मध. जाऊबाईंनी दक्सिलच्या हातात पिठाचा गोळा दिला. "या नटीणबाई. छान वळलीत तर मुलगी सुंदर होते म्हणतात."

"मला मुलगाच आहे, जाऊबाई. आणि त्याने बापाचे कान घेतलेत."

दादा टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते, मागे सगळे क्वाक. "कंपनीतून बरी सवड मिळाली या वर्षी?" त्यांनी मानबोकला विचारलं.

"मिळाली, दादा."

गाणं सुरू झालं. रांग आली. आजोबांचा आवाज आला, आता उम साहेबांच्या तोंडचा नव्हे, खरा, यंत्रातला, आणि अर्थातच त्याच्याइतका चांगला नव्हे. क्वाक मंडळी लोळली. आजोबा डोंगराकडे निघाले. मानबोकने पाठ सरळ केली. दक्सिलच्या हातातलं सोंगप्योन चपटं झालं.

पाइनची झाडं आली. आजोबा बाकावर टेकले. त्यांच्या शेजारी, पडद्याच्या कडेला, सुटाची एक बाही होती. कोपरापासून पुढचा हात होता. मांडीवर पिवळा डबा होता. "का हो, आज ऑफिस नाही?" आजोबांनी बाहीला विचारलं. बाही म्हणाली, "आज जरा लवकर सुटलो." हाताने अंड्याचा मोठा भाग पुढे सरकवला. आजोबांनी खाल्ला. जाहिरात लागली.

क्वाक मंडळी जाहिरातही डोळे लावून बघत राहिली. मग धाकट्या आत्या म्हणाल्या, "आता येणार का आपला मानबोक?"

"तो हात माझा होता," मानबोक म्हणाला.

"कुठला?"

"अंडंवाला."

"हात चांगला आहे हो," थोरल्या आत्या म्हणाल्या, आणि दोघी-तिघींनी घाईने मान हलवली.

दक्सिलला सगळं एका क्षणात कळलं. चेहरा दिसला की हसू येतं! मो साहेबांनी शब्द ठेवले आणि हसू आणणारा भाग तेवढा काढून टाकला. रताळ्यांनीच घात केला होता. तिने मानबोककडे बघायचं टाळलं आणि चपट्या सोंगप्योनला पुन्हा आकार द्यायला लागली.

जाहिरातीनंतर आजोबा घरी आले, रांग पुन्हा लागली, सगळ्यांनी पुन्हा नाक धरलं, आणि टीव्हीतून एक हसू फुटलं. ते ऐकून दादांच्या शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. मानबोक झटकन वळला. "अगं, हे तर तुझं!"

"हो."

"असं तू... घरी नाही हसत."

दक्सिलने हात पिठाचे होते तसेच त्याला अंगणात नेलं आणि रताळ्यापासून चिमट्यापर्यंत सगळं सांगितलं. "तुमचा चेहरा आम्हीच घालवला हो, उनथेकचे बाबा. मी दिसताक्षणी हसले."

"मला बघून?"

"तुम्हाला बघून."

"खरं हसलीस की पगारी?"

"उम साहेबांचा काटा मोडायचा राहिला."

मानबोकने कानाची पाळी चोळली. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी झालं आणि तो हसायला लागला, अंगणात, एकटाच, तोंडावर हात न धरता. दादा दारात येऊन उभे राहिले. "काय रे, टीव्हीत काम करायला कंपनी रजा देते का?"

"कंपनीच नाही, दादा. बंद पडली. दीड वर्ष झालं."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पर्सिमनची पेटी पाठवली होती. परत आली. फळं पिकून बसलेली, तुझ्या वहिनीने त्यांचा मुरंबा घातला."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू सांगितलं का नाहीस?" दादा म्हणाले. "चल आत. सोजूची बाटली काढलीय. आणि ती बाही परत दाखवतात का विचार तुझ्या टीव्हीवाल्यांना, मी चष्मा लावला नव्हता."

मानबोकने नंतर टाय घातला नाही. हिवाळ्याआधी त्याला मांगवनच्याच एका इमारतीत रखवालदाराचं काम लागलं.

दक्सिलचं त्या दिवशीचं हसू उम साहेबांनी टेपवर जपून ठेवलं होतं. मो साहेबांना ते इतकं आवडलं की तेच प्रत्येक भागाला लावायला लागले. नव्या वर्षापासून वीसही बायकांना बोलावणं बंद झालं.